पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही

दरवर्षी ९ ऑगस्टला आमच्या तालुक्याच्या गावी जागतिक आदिवासी दिनाचा कार्यक्रम होतो. बिरसा मुंडा आणि वीर बाबुराव शेडमाके यांच्या तसबिरींना हार घालतात, पोरीपोरं रेला ही गोंडी गाणी म्हणत फेर धरतात, पाहुणे मंडळी जल-जंगल-जमिनीवर बोलतात. मला तो दिवस आवडतो. एरवी ज्या रस्त्याने आम्ही अर्जाची पिशवी घेऊन तहसीलला जातो, त्याच रस्त्याने त्या दिवशी ढोल वाजवत जाता येतं. यंदा कार्यक्रम संपल्यावर एका ओळखीच्या गुरुजींनी विचारलं, "ताई, तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळून इतकी वर्षं झाली. मग आता लढायचं काय उरलं?"

त्यांनी कळकळीने विचारलं होतं. त्या गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान गोंड गावच्या ग्रामसभेची सचिव आहे. ग्रामपंचायतीची नाही, ग्रामसभेची. ग्रामपंचायत चार-पाच गावांची मिळून असते, तिचा सरपंच निवडून येतो, ग्रामसेवक सरकार नेमतं. ग्रामसभा म्हणजे गावातली अठरा वर्षांवरची सगळी माणसं. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याने, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जे अधिकार दिले आहेत ते या सगळ्या माणसांना दिले आहेत, त्यांच्या निवडलेल्या पाच-सात जणांना नव्हे. आमच्या गोटुलाशेजारच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक घराशेजारच्या, खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात इतिवृत्ताचं रजिस्टर, हजेरी, जमाखर्च, मजुरीवाटपाची यादी, वाहतूक परवान्यांचं पुस्तक आणि आवक-जावक असं सगळं राहतं. किल्ली माझ्याकडे असते, दुसरी अध्यक्षांच्या घरी. गुरुजी, उरलंय ते या कपाटात आहे.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्या घराची बांधी कागदोपत्री जबरानजोत होती. पणजोबांनी काढलेली, आजोबांनी वाढवलेली धानाची जमीन, पण सरकारच्या लेखी आम्ही अतिक्रमणदार. १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे जंगल राखीव जाहीर करताना तिथे राहणाऱ्यांचे हक्क आधी तपासून नोंदवायचे असतात. आमच्याकडे तशी चौकशी करायला कोणी आलं होतं असं गावातल्या एकाही म्हाताऱ्याला आठवत नाही. जंगलात गेलं की गुन्हा, नांगर धरला की गुन्हा, इमारतीला लाकूड आणलं की गुन्हा. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत वनखात्याची एक दंडाची पावती होती. चार घड्या केलेली, मधल्या घडीवर कागद विरून शाई गेलेली. वर शिक्का, गुन्ह्याच्या रकान्यात जंगल साफ करून नांगरणी केल्याची नोंद, खाली आजोबांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. ठसा इतका दाबून उठवलेला की रेषा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. आजी ती पावती कुणाला दाखवायची नाही. दंड भरला म्हणजे चोरी कबूल केली, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

मग वनहक्क कायदा आला. तो कुणाच्या कृपेने आला नाही. मे २००२ मध्ये केंद्राच्या वन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना वनजमिनीवरची अतिक्रमणं हटवा म्हणून पत्र पाठवलं आणि देशभर झोपड्या मोडल्या गेल्या, उभ्या पिकांत हत्ती घातले गेले. त्याच्या विरोधात ठिकठिकाणच्या संघटना एकत्र आल्या. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने कायदा केला, २००८ च्या सुरुवातीला नियम आले. कायद्याच्या प्रास्ताविकातच 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द आहेत. सरकारने स्वतःच्या कायद्यात स्वतःच्या अन्यायाची कबुली द्यावी हे माझ्या दृष्टीने फार मोठं आहे. प्रशिक्षणात मी ते वाक्य नेहमी दोनदा वाचून दाखवते.

वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं. पुराव्यात सरकारी कागद चालतात, त्यात दंडाच्या पावत्याही आल्या. आजीने पेटी उघडली. आजोबा तोवर गेले होते. दाव्याला पावतीची झेरॉक्स जोडली, मूळ पावती प्लास्टिकच्या पाकिटात घालून आजीने परत पेटीत ठेवली. पट्टा आला तेव्हा तोही तिने त्याच पाकिटात सरकवला.

पण वैयक्तिक पट्टा हा कायद्याचा एक भाग. त्याहून मोठी गोष्ट सामूहिक वनसंसाधनाचा हक्क. गाव ज्या जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या जगलं ते राखायचा, वाढवायचा, त्याचा कारभार करायचा हक्क गावाचा, आणि त्यातल्या गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून मिळणाऱ्या मालाची, मालकीही गावाची. बांबू आणि तेंदू, म्हणजे विडीचं पान, दोन्ही त्यात येतात. या बाबतीत आमच्या जिल्ह्याने देशाला वाट दाखवली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला, तो देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून अभ्यासगट चालवले होते, सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावली होती. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आमच्या भागात भिंतीभिंतीवर दिसते.

मेंढ्याच्या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हक्क मिळाल्यानंतरचा आहे. पट्टा हातात आला तरी बांबू विकता येईना, कारण माल जंगलाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि ते पुस्तक वनखात्याकडे. खात्याच्या लेखी बांबू हे झाड होतं. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. २०१२ मध्ये केंद्राने नियमच बदलले, परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे किंवा ग्रामसभेने नेमलेल्या माणसाकडे आला. म्हणजे कायदा होऊन चार वर्षं उलटून गेल्यावर एका पावती-पुस्तकासाठी एवढं सगळं करावं लागलं. हक्क आणि हक्काची अंमलबजावणी यांच्यामध्ये असं एखादं पुस्तक, एखादा शिक्का, एखादा रकाना अडून बसलेला असतो. ज्याच्याकडे ते पुस्तक, जंगल प्रत्यक्षात त्याचं.

आमच्या गावाचा सामूहिक दावा तयार करायचा ठरला तेव्हा पहिलं काम होतं सीमा फिरण्याचं. आमची पारंपरिक हद्द म्हणजे अमुक नाल्यापासून तमुक डोंगराच्या कण्यापर्यंत, मधे पुरखांचे दगड, देवाची राई, जुन्या गावठाणाची पडकी विहीर. शेजारच्या तिन्ही गावांना पत्र पाठवून बोलावलं. एका गावाशी एका झऱ्यावरून वाद होता, तो जंगलातच बसून मिटवला: झरा दोघांच्या वापराचा, हद्द झऱ्याच्या वरच्या खडकावरून. दोन्ही गावच्या गायत्यांनी, म्हणजे पारंपरिक पुजाऱ्यांनी, तसं सांगितलं आणि तसंच लिहून घेतलं. जीपीएस यंत्र धरायला आमची बारावी झालेली पोरं होती, पण कुठे थांबून बटण दाबायचं ते म्हातारी माणसं सांगत होती.

नियमांत लिहिलंय की दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली माहितीही पुरावा धरली जाईल. उपग्रहाचं चित्र पुराव्याला जोड म्हणून चालेल, पण त्याच्याऐवजी चालणार नाही. आमच्या सगळ्यात वयस्कर गायत्याचं निवेदन मी लिहून घेतलं. ते गोंडीत सांगत होते, मी मराठीत उतरवत होते, आणि दर चार वाक्यांनी ते मला थांबवून म्हणायचे, "आता वाच." वाचलेलं त्यांना कोणीतरी गोंडीत परत सांगायचं आणि मगच ते पुढे जायचे. कोणत्या ओढ्यावर कोणत्या महिन्यात मासे मिळतात, कोणत्या पहाडीवर मोह दाट आहे, कुठल्या वर्षीच्या दुष्काळात कोणते कंद खाऊन गाव जगलं. त्या निवेदनाची प्रत माझ्या कपाटात आहे. आमच्या गावाचा लिहिलेला इतिहास म्हणावा असं तेवढंच आहे.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. पहिल्या नकाशात वनोपजाच्या जागा पुरुषांनी टाकल्या होत्या: बांबू, तेंदू, इमारती लाकूड. मग बायकांची वेगळी बैठक घेतली तर नकाशा भरूनच गेला. सात्या, म्हणजे अळंबी, कुठे उगवतात, झाडूचं गवत कुठे, चारोळी कुठे, डिंक कुठल्या झाडांना, बाळंतिणीच्या औषधाची मुळी कुठे. ग्रामसभेच्या कोरमला निम्मी प्रौढ माणसं हवीत आणि हजर माणसांत एक तृतीयांश तरी बायका हव्यात, असा नियम आहे. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात शहाणी ओळ तीच. सुरुवातीला सभा दुपारी लागायची. तेव्हा बायका शेतावर, नाहीतर पाण्यावर. कोरम भरेना. शेवटी सभेची वेळ बदलली. आता रात्रीचं जेवण झाल्यावर सभा बसते आणि कोरमसाठी कोणाला बोलवायला जावं लागत नाही. बोलणाऱ्यांतही बायका जास्त असतात, हे माझं निरीक्षण.

आणि एक गोष्ट. आमच्या गावात गोंडांबरोबर ढिवरांची आणि कुणब्यांची थोडी घरं आहेत. वैयक्तिक दाव्यासाठी त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि तो दाखवणं अवघड जातं. पण सामूहिक हक्क ग्रामसभेचा असल्यामुळे त्यात तेही आहेत. मासे धरायचा हक्क लिहिताना ढिवर काकांनी सांगितलेला मजकूर आम्ही जसाच्या तसा घेतला. आदिवासी हक्कांबद्दल बोललं की गावात भांडणं लागतील असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या सभेला येऊन बसावं.

आता पोच.

शेजारच्या एका गावाने आमच्याआधी दावा दिला होता. सगळे कागद नीट, नकाशा नीट, ठराव नीट. वर्षभराने चौकशी केली तर कार्यालयात त्या नावाची फाईलच नाही. "तुम्ही दिली कशावरून?" असं विचारलं गेलं. पोच नव्हती. जिथे दिली तिथल्या बाबूने "ठेवून जा" म्हटलं होतं आणि माणसं विश्वासाने ठेवून आली होती. त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं, आणि तोवर ज्या दोन म्हाताऱ्यांची निवेदनं घेतली होती त्यातला एक वारला होता. कायदा त्या माणसाचं बोलणं पुरावा मानत होता आणि ते बोलणं कार्यालयातल्या कुठल्यातरी गठ्ठ्यात गेलं. मला आजही त्याचा संताप येतो.

तेव्हापासून आमच्या ग्रामसभेचा ठराव आहे की पोच घेतल्याशिवाय एकही अर्ज द्यायचा नाही. आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही. शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला असेल तर थांबायचं. उद्या या म्हटलं तर अर्ज परत घेऊन यायचं आणि उद्या जायचं. एकटं जायचं नाही, दोघांनी जायचं, त्यातली एक बाई. आमचा दावाही उपविभागीय समितीकडून परत आला होता, त्रुटी आहेत म्हणून. कोणत्या त्रुटी ते तोंडी सांगितलं. आम्ही म्हटलं, लेखी द्या. दावा फेटाळला किंवा त्यात बदल केला तर सविस्तर कारणं दावेदाराला कळवावीत असं नियमात आहे आणि त्याविरुद्ध दाद मागायला साठ दिवस आहेत. पण कागदच हातात नसेल तर साठ दिवस मोजायचे कुठून?

फेब्रुवारी २०१९ मध्ये हे किती जीवघेणं असतं ते देशाने पाहिलं. ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून हटवा, असा आदेश १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दिला. देशभरात लाखो कुटुंबांच्या पायाखालची जमीन हलली. २८ तारखेला न्यायालयाने स्वतःच त्याला स्थगिती दिली, कारण दावे फेटाळताना नियमाप्रमाणे प्रक्रिया झाली का, लोकांना कळवलं का, हेच कुणाला सांगता येईना. त्या पंधरवड्यात आमच्याकडे रोज कोणीतरी विचारायला यायचं की आमचा दावा फेटाळलाय की नुसता पडून आहे. कितीतरी जणांकडे ते सांगणारा एकही कागद नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये, नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी गेले. त्यात डोंगरातले आदिवासी किती होते आणि त्यांची पहिली मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची होती, हे शहरात फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. लोकांना लक्षात राहिले ते सोललेले पाय.

हक्क मिळाल्यावर दप्तर कशासाठी, याचं उत्तर तेंदूच्या हंगामात मिळतं. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारने हातात घेतला होता. लिलाव सरकार करायचं, ठेकेदार यायचा, आम्ही मजूर. आता आमच्या हद्दीतला तेंदू ग्रामसभा स्वतः विकते. आसपासच्या गावांचा गट करून जाहिरात देतो, बंद लखोटे मागवतो आणि सगळ्यांसमोर फोडतो.

मे महिन्यात पहाटे अंधार असतानाच घरं रिकामी होतात. कोवळा, फोड नसलेला पत्ता निवडून खुडायचा, उन्हाआधी घरी आणायचा, सावलीला बसून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा. म्हाताऱ्या, पोरं, घरी आलेला पाहुणासुद्धा पुडे बांधायला बसतो. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घ्यायच्या जागेवर, रांग लागते. असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाणित गोणी, सत्तर हजार पानं. मजुरीचा दर शेकड्यावर. ठेकेदाराच्या काळात दिवाणजी पुडे मोजायचा आणि मोडतोडीच्या नावाखाली शंभरामागे वरचे काही पुडे फुकट ठेवून घ्यायचा. कोणी बोललं तर त्याचा पत्ताच खराब ठरायचा. आता मोजणीला ठेकेदाराचा माणूस असतो तशी ग्रामसभेची बाईही असते. दोघं मोजतात, दोघं लिहितात, आणि दोन्ही वह्या जुळल्या तरच त्या दिवसाच्या पानावर सह्या होतात.

एका हंगामात मोजणी होऊन पत्ता फळीवर वाळत पडला असताना गारपीट झाली. वाळत घातलेल्या रांगाच्या रांगा चिखलात गेल्या. ठेकेदार म्हणाला, माल गेला, पैसे कशाचे? गावात रडारड सुरू झाली, कारण त्या पैशांवर बियाणं, पोरांच्या शाळा-कॉलेजची फी, एका घरचं लग्न असं सगळं अवलंबून होतं. मी कपाट उघडून करारनामा काढला. फळीवर मोजून दिलेल्या मालाची जबाबदारी खरेदीदाराची, हे कलम आम्ही सभेत भांडून घातलं होतं. ते कलम सुचवलं होतं एका निरक्षर काकूंनी. त्यांचा सवाल साधा होता: "मोजून दिल्यावर तो माझा कसा राहील?" करारनामा आणि दोन्ही सह्यांची मोजणीची वही समोर ठेवल्यावर बोलणं बदललं. शेवटचा हप्ता मिळायला दिवाळी उजाडली, पण मिळाला. ज्या गावांनी तोंडी व्यवहार केला होता त्यांना तो हप्ता मिळालाच नाही.

पैसे आल्यावरही सोपं नसतं. मजुरी किती, ग्रामसभेच्या निधीत किती, त्यातून जंगलासाठी किती, यावर आमच्याकडे रात्री उलटतात. जास्त पाला फुटावा म्हणून काही ठिकाणी जंगलाला आग लावायची रीत होती, ती आम्ही बंद केली, जाळरेषा काढतो, आणि पहाऱ्याची पाळी घराप्रमाणे लावतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदू तोडणंच सोडलं आणि बांबूवर गाव उभं केलं. आमच्या सभेत त्यावर बोलणं झालं. आमच्याकडे बांबू तेवढा नाही, तेंदू सोडणं परवडणार नाही, असं ठरलं. पण दुसऱ्या गावाने असा विचार केला आणि तो निभावला, हे आमच्या पोरांना माहीत असायला हवं, म्हणून तेही इतिवृत्तात लिहिलंय.

आता जरा जड विषय. आमच्या जिल्ह्यात लोहखनिज आहे. एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा पहाड ठाकुरदेवाचा, तिथे दर जानेवारीत यात्रा भरते आणि त्याच पहाडावर खाण चालते. अशा वेळी ग्रामसभेला काय विचारलं जातं आणि कधी विचारलं जातं, हा सगळा प्रश्न आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं की डोंगरावरच्या लोकांच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांबद्दल ग्रामसभांनी निर्णय द्यावा. बारा ग्रामसभा झाल्या, न्यायाधीशांच्या देखरेखीत, आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. खाण झाली नाही. छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातल्या लोकांचं म्हणणं असं आहे की त्यांच्या ग्रामसभांच्या नावाने कोळसा खाणीला संमतीचे खोटे ठराव केले गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते हीच तक्रार घेऊन रायपूरपर्यंत तीनशे किलोमीटर चालत गेले.

म्हणून सभेचं रजिस्टर माझ्या डोक्यात कायम असतं. आमच्या ठरावाच्या पानाला क्रमांक आहेत, मधे कोरी जागा सोडायची नाही, सह्या आणि अंगठे ठरावाच्या खालच्या ओळीलाच लागून, हजेरीचं पान वेगळं नाही. सभा संपायच्या आधी ठराव मोठ्याने वाचायचा, गोंडीत सांगायचा, मग फोटो काढायचा. कोऱ्या कागदावर सह्या मागायला अजूनही लोक येतात, कधी योजनेच्या नावाने, कधी शिबिराच्या. आमच्या बायका आता त्यांना बसवतात, पाणी देतात आणि म्हणतात, रात्री सभा आहे, तिथे मांडा.

२०२२ च्या वन संरक्षण नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती तपासायची अट मागे सारली. आधी मंजुरी, मग राज्य सरकारने वनहक्कांचं बघावं, असा क्रम आला. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीही त्यावर आक्षेप घेतला होता. माझं मत स्पष्ट आहे: निर्णय झाल्यावर मागितलेली संमती ही संमती नव्हे. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं आहे. त्या जाहीरनाम्यात संमती आधी घ्यायची, मोकळेपणाने घ्यायची आणि पूर्ण माहिती देऊन घ्यायची, असं लिहिलंय. आमच्या भागात याबद्दल माणूस जरा जास्त बोलायला लागला की त्याच्याकडे संशयाने पाहिलं जातं, तेही दोन्ही बाजूंनी. अशा वेळी आमच्या हातात घटना असते, कायद्याचं पुस्तक असतं आणि सगळ्या गावाच्या सह्यांचा ठराव असतो.

आणि गुरुजी, आमच्याइतकंही न मिळालेले खूप आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन विशेष असुरक्षित जमाती आहेत. कायद्यात अशा समाजांच्या अधिवासाचा वेगळा हक्क आहे. रायगडकडच्या एका प्रशिक्षणात भेटलेल्या कातकरी ताईंची वाडी दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर होती आणि वर्षातले निम्मे महिने त्या वीटभट्टीवर. त्यांना मी आमच्या दप्तराबद्दल काय सांगू? त्यांनी मात्र मला कायद्याच्या कलमांवर नेमके प्रश्न विचारले आणि जाताना दाव्याच्या तिन्ही अर्जांचे, अ, ब आणि क, कोरे नमुने मागून घेतले.

आमचं सध्याचं काम सांगते आणि थांबते. पट्टा मिळाल्यावर महसूल आणि वन विभागाने अंतिम नकाशा करून आमचा हक्क आपापल्या अभिलेखात तीन महिन्यांच्या आत नोंदवायचा असतो, असं २०१२ च्या दुरुस्तीत लिहिलंय. आमचा हक्क अजून नोंदवलेला नाही. पट्ट्यावर दावा केला त्याहून क्षेत्र कमी आलंय, झऱ्यापलीकडचा तुकडा सोडून दिलाय आणि तो का सोडला याचं कारण कुठेच लिहिलेलं नाही. झरा वाटून घेतलेल्या शेजारच्या गावाने आमच्या बाजूने ठराव करून दिला आहे. अर्ज तयार आहे, सोबत गायत्यांच्या निवेदनाची प्रत, सीमेच्या नोंदी, शेजारच्या गावाचा ठराव आणि मोजणीचा नकाशा. येत्या सोमवारी मी आणि ढिवर काकांची सून उपविभागीय कार्यालयात जाणार आहोत. अर्जाच्या तीन प्रती काढल्या आहेत, एक त्यांना, एक जिल्हास्तरीय समितीला, आणि एक पोच घेऊन कपाटात ठेवायला.